जुन्या बुलेटची ऑइल गळती: इंजिन पूर्ण बांधावे का, आणि उघडलेच तर सोबत काय बदलावे?

सातारकर_३५०

नमस्कार. माझ्याकडे १९९६ सालची ३५० सीसी बुलेट आहे. कास्ट आयर्न सिलिंडरची, उजव्या पायाने गिअर टाकण्याची, चार गिअरची आणि अजूनही पॉइंटवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या यांत्रिक संपर्कावर) चालणारी. गाडी वडिलांनी नवी घेतली होती, आणि गेली सहा वर्षे ती माझ्याकडे आहे. रोजचा वापर नाही. रविवारी कास किंवा ठोसेघरपर्यंत एक फेरी होते, एरवी ती घराखाली कव्हर घालून उभी असते.

गेल्या पावसाळ्यापासून गाडी तीन ठिकाणांहून ऑइल गाळते: उजवीकडे टॅपेटच्या (वाल्व्हच्या दांड्यांच्या) झाकणाखालून, टायमिंग कव्हरच्या (त्याच बाजूच्या गिअर आणि ऑइल पंपांवरच्या झाकणाच्या) खालच्या कडेने आणि डावीकडे चेनकेसच्या (क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या पेटीच्या) तळाशी. घाट चढून आल्यावर उजवा बूट तेलकट होतो, हे मी इतके दिवस चालवून घेतले. मात्र मागच्या आठवड्यात मागील चाकाच्या रिमवर ऑइल दिसले, आणि उतारावर टायर घसरला तर काय होईल या विचाराने गाडी तेव्हापासून बाहेर काढलेली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो. सकाळी डिपस्टिक काढली की ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असते, म्हणून निघण्यापूर्वी मी पाव लिटर, कधी अर्धा लिटर भर घालतो. आणि चालू केल्यावर पहिली पाचेक मिनिटे सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येतो, मग आपोआप थांबतो.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दोनदा सिलिकॉन लावून घेतले. पहिल्या वेळी ते दोन महिने टिकले, दुसऱ्या वेळी पंधरा दिवस. आता त्यांचे म्हणणे असे आहे की इंजिन पूर्ण बांधावे लागेल, आणि ते बांधायलाच घेतले आहे तर नीडल बेअरिंगचा बिगएंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा सांधा), ५०० सीसीचे किट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ॲलन (षटकोनी खाचेचे) स्क्रू आणि ऑइल कूलर असे सगळे एकदाच करून टाकावे. इंजिनात ठोका नाही, ओढही पूर्वीसारखीच आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की एवढे सगळे खरोखर गरजेचे आहे का, आणि सुरुवात कुठून करावी.

उद्यमनगरचा लेथवाला

इंजिन बांधायला देऊ नका, निदान अजून तरी. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर काढली आहेत, आणि गळतीसाठी म्हणून बांधायला आलेल्या इंजिनांपैकी कितीतरी इंजिने न बांधता परत पाठवली आहेत. तुमच्या वर्णनातली खरी महत्त्वाची गोष्ट गळतीची नाही, डिपस्टिकची आहे.

या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नाही. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ओतकामातच क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) मागे एक कप्पा केलेला आहे, तीच टाकी. एक पंप तिथले ऑइल बिगएंडकडे पाठवतो आणि दुसरा पंप क्रँकच्या तळाशी साचलेले ऑइल उपसून पुन्हा टाकीकडे नेतो. गाडी उभी असते तेव्हा दोन्ही पंप थांबलेले असतात, आणि अशा वेळी पहिल्या पंपाची चकती आपल्या बैठकीवर घट्ट बसत नसेल तर टाकीतले ऑइल थेंबाथेंबाने क्रँकच्या कप्प्यात उतरत राहते. रोज चालणाऱ्या गाडीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण तुमची गाडी आठवडाभर उभी असते. डिपस्टिक फक्त टाकीतली पातळी दाखवते, त्यामुळे तुम्हाला ऑइल कमी झालेले दिसते. प्रत्यक्षात ते कुठेही गेलेले नसते, मधल्या भिंतीच्या पलीकडे असते. तुम्ही वरून आणखी अर्धा लिटर ओतता. किक मारल्यावर दुसरा पंप पलीकडचे ऑइल उपसून आणतो, पण सव्वादोन लिटरच्या आसपास माप असलेल्या इंजिनात आता पावणेतीन लिटर झालेले असते. ते जास्तीचे ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर पडणारच. सुरुवातीचा धूरही त्याचाच आहे: भरलेल्या क्रँकमधून उडालेले ऑइल पिस्टनच्या रिंगांच्या वर जाऊन जळते, आणि उपसा संपला की धूर थांबतो. रिंग गेल्या असत्या तर तो पाच मिनिटांनी थांबला नसता.

दुसरा संशय ब्रीदरवर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेवर आहे. ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टन दर वेळी खाली येताना ३४६ सीसी हवा क्रँककेसमध्ये दाबतो. एकच सिलिंडर असल्याने त्या हवेला दुसरीकडे सरकायला जागा नसते. ती ब्रीदरमधून बाहेर गेली पाहिजे आणि पिस्टन वर जाताना परत आत येता कामा नये. त्यासाठी तिथे बदकाच्या चोचीसारखे एक रबर असते. ते वाळून कडक झाले की क्रँककेसचा श्वास अडतो आणि आतला दाब प्रत्येक पॅकिंगवर पडू लागतो. अशा वेळी बाहेरून सिलिकॉन लावणे म्हणजे शिट्टी बंद करून कुकरच्या रिंगला चिकटपट्टी लावण्यासारखे आहे. मागच्या चाकावर आलेले ऑइलही बहुधा ब्रीदरमधूनच उडालेले असावे.

आता काय करायचे ते सांगतो. आठ दिवस उभी असलेली गाडी चालू न करता क्रँककेसखालचा ड्रेन बोल्ट काढा (टाकीचा नव्हे, क्रँकचा) आणि जे निघेल ते मापाच्या भांड्यात मोजा. तळाशी थोडे ऑइल राहतेच, पण दोनशे मिलीच्या वर निघाले तर पंपाची चकती गळते आहे असे समजा. पुढे ऑइलची पातळी नेहमी गाडी दहा मिनिटे चालवून, सपाट जागी उभी करून पाहायची. सकाळच्या डिपस्टिकवर विश्वास ठेवायचा नाही. ब्रीदरचे रबर न तपासताच नवे घाला, कारण तपासायला लागणारा वेळ त्या रबरापेक्षा महाग आहे. मग सगळे इंजिन डिझेलने धुऊन, कापडाने पुसून पूर्ण कोरडे करा आणि त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरा. दहा किलोमीटर जाऊन या. चालत्या गाडीवर ऑइल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते, म्हणून पावडर जिथे सर्वांत पुढे आणि सर्वांत वर भिजलेली असेल तीच गळतीची जागा. बाकीचे ओले डाग हा फक्त तिथून निघालेल्या ओघळाचा प्रवास असतो.

चकती गळत असेल तर टायमिंग कव्हरच्या खालच्या भागातली पंपांची झाकणे काढून चकती तिच्याच बैठकीवर, पितळ चमकवायची पेस्ट लावून, बोटाच्या हलक्या दाबाने फिरवत घासावी. वाल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट चुकूनही वापरू नका. दोन्ही पृष्ठभागांवर सगळीकडे सारखा मंद करडा रंग आला की थांबावे आणि पेस्टचा कणही उरणार नाही असे रॉकेलने धुवावे.

झाकणांच्या कडा तपासायच्या असतील तर जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, झाकणाच्या कडेवर पेनने आडव्या रेघा मारा आणि ते आठ आकड्यासारखे फिरवा. पाचसहा फेऱ्यांनंतर जिथली शाई तशीच राहिली, तिथे खळगा आहे. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलेली झाकणे मी पाहिली आहेत; त्यांना कुठलेही पॅकिंग पुरत नाही.

आणि एक विनंती: सिलिकॉन लावलेले आहे म्हणता, तर रॉकरला (हेडमधल्या, वाल्व्ह दाबणाऱ्या भागांना) ऑइल नेणाऱ्या बाहेरच्या नळीचे बँजो (आतून पोकळ) बोल्ट काढून भोके पाहा. दाबाखाली आत शिरलेला सिलिकॉनचा तुकडा तिथे अडकला तर रॉकर कोरडे पडतात, आणि तेव्हा मात्र खरेच हेड काढायची वेळ येते.

पॉइंट_गॅप

लेथवाले काकांच्या निदानाशी पूर्ण सहमत आहे, म्हणून मी फक्त बदलांविषयी लिहितो. मी स्वतःसाठी एक नियम केलेला आहे: जे झाकण गळतीमुळे उघडावेच लागणार आहे, त्याच्या आत जे असेल तेवढेच बदलायचे. बाकी सगळे दुसऱ्या दिवसासाठी. एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्या आणि गाडी बिघडली, तर दोष सहापैकी कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

या हिशेबाने टायमिंग कव्हर उघडणार असाल तर आतले कॉर्कचे सील नक्की बदला. पंपाकडून आलेले ऑइल क्रँकच्या टोकात शिरते ते याच सीलमधून. कॉर्क वाळून चेपला की ऑइल बिगएंडला जाण्याऐवजी टायमिंगच्या कप्प्यात सांडते, बाहेर काहीच दिसत नाही आणि फ्लोटिंग बुशचा (सुट्या फिरणाऱ्या धातूच्या कडीचा) बिगएंड उपाशी राहतो. कॉर्कऐवजी आता चांगल्या रबराची सीलेही मिळतात. माझ्या मते या गाडीवर करण्यासारखी ती सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. पंप फिरवणारा वर्म (मळसूत्री गिअर) काढायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा. मी पहिल्या वेळी विसरलो होतो आणि पाना लांब करत बसलो होतो. फिल्टर बदला, ऑइल २०डब्ल्यू-५० च घाला.

ब्रीदरसाठी चोचीचे रबर बदलणे पुरेसे आहे, पण थोडे पुढे जायचे असेल तर मोठ्या व्यासाची नळी, तिच्यात एकाच दिशेने उघडणारा मोटारीचा पीसीव्ही वाल्व्ह आणि शेवटी एक डबा अशी जोडणी करा. माझ्या गाडीवर ती चार वर्षे आहे. बसवताना वाल्व्ह तोंडाने फुंकून बघा, कारण उलटा बसला तर तुम्ही स्वतःच इंजिनाचे नाक दाबलेले असेल.

नीडल बेअरिंगचा बिगएंड चांगला आहे यात वाद नाही, पण त्यासाठी क्रँक बाहेर काढून, दाबून उघडून, पुन्हा जोडून डायलवर सरळ करावा लागतो. ठोका नसलेल्या क्रँकला हात लावू नये. ऑइल कूलर तर मुळीच नको. गळती थांबवायला निघालेल्या माणसाने चार नवे सांधे का जोडावेत?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन मी बसवले आहे आणि समाधानी आहे. दर काही महिन्यांनी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी लावत बसणे संपले आणि आयडलिंग सुधारले. मात्र त्याचा गळतीशी काही संबंध नाही, म्हणून ते नंतर करा. शिवाय वडिलांनी तुम्हाला अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून किक मारायला शिकवले असेल, तर नव्या इग्निशनवर तो काटा पूर्वीसारखा बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जुनी पॉइंट प्लेट टूलबॉक्समध्ये असू द्या.

ॲलन स्क्रू जरूर बसवा. जुन्या चपट्या खाचेच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतात.

उद्यमनगरचा लेथवाला

बाकी सगळे मान्य, पण ॲलन स्क्रूच्या बाबतीत माझे मत उलट आहे. चपट्या खाचेच्या स्क्रूला एक मोठा गुण आहे: माणूस तो हाताने फार आवळूच शकत नाही. ॲलन चावीचा दांडा लांब, त्यात गळतीचा राग, आणि खाली ॲल्युमिनियमचे मऊ आटे. माझ्याकडे हेलिकॉइलसाठी (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे बसवायला) येणाऱ्या कव्हरांवर निम्म्याहून जास्त वेळा ॲलन स्क्रूच असतात. बसवायचेच असतील तर चावी आखूड बाजूने धरावी आणि प्रत्येक स्क्रूची लांबी जुन्याशी जुळवून घ्यावी. या गाडीवर काही जागी अजून इंची मापाचे आटे आहेत. मेट्रिक स्क्रू पहिले दोन वेढे गोडीने घेतो आणि तिसऱ्याला आटे कापत आत जातो.

पॅकिंगला शेलॅक किंवा ग्रीसचा पातळ हात एका बाजूने दिला तरी पुरतो. सपाट कडेला त्याहून जास्त काही लागत नाही.

पॉइंट_गॅप

काकांचा मुद्दा रास्त आहे. माझा एक आटा असाच गेला होता, हे मी वर सोयीने लिहिले नाही.

मांडवीकाठ

डावीकडच्या चेनकेसविषयी थोडे. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्याचे चार महिने माझी गाडी उभीच असते, त्यामुळे या प्रकाराशी माझी जुनी ओळख आहे. बाहेरचे कव्हर मधल्या एकाच नटवर बसते आणि कडेला रबराची रिंग असते. गळती दिसली की लोक तो नट आणखी आवळतात, त्याने कव्हरचे पोट आत जाते आणि कड उचलली जाते, म्हणजे जितके आवळावे तितके जास्त गळते.

आधी चेनकेसमधली पातळी पाहा. ती हळूहळू खाली जात असेल तर दोष रिंगचा किंवा कडेचा आहे. ती वाढत असेल तर मात्र इंजिनातले ऑइल क्रँकच्या सीलमधून तिकडे येत आहे, आणि क्लचही थोडा सुटू लागला असेल. पण सील बदलायच्या आधी काकांनी सांगितलेली क्रँक भरण्याची तक्रार दूर करा, कारण क्रँक अर्धा ऑइलमध्ये बुडालेला असताना चांगले सीलसुद्धा हार मानते. चार महिन्यांनी गाडी काढताना मी आधी क्रँक रिकामा करतो, ते ऑइल स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत घालतो, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून दहाबारा किक मारतो आणि मगच चावी फिरवतो.

रांगेतला_माणूस

५०० च्या किटविषयी एवढेच. ५०० चा स्ट्रोकही ९० मिमीच आहे, फक्त बोअर ८४ मिमीचा, त्यामुळे "नुसता सिलिंडर बदलायचा" असे गॅरेजवाले सांगतात. पिस्टनचे वजन बदलले की क्रँकचा तोल बदलतो, हे ते सांगत नाहीत. कागदांचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही. तुमच्या गाडीला पंधरा वर्षे होऊन गेली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती आरटीओपुढे उभी करावी लागते. पुस्तकात ३४६ सीसी आणि गाडीत ४९९, असे निघाले तर गळतीची आठवणही राहणार नाही. वडिलांची गाडी आहे, तिचे कागद स्वच्छ ठेवा.

सातारकर_३५०

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण प्रत्येक गोष्ट करून बघितल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटेना.

आठ दिवस उभ्या गाडीच्या क्रँकमधून ६५० मिली ऑइल निघाले. भांड्याकडे बघताना गेल्या वर्षभरात मी वरून किती ओतले असेल याचा हिशेब मनात आला आणि लाज वाटली. ब्रीदरचे रबर वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखे कडक झाले होते; दोन बोटांत दाबले तर तुटले.

नवे रबर घालून, इंजिन धुऊन आणि पावडर टाकून यवतेश्वरचा घाट चढून आलो. टॅपेटचे झाकण खरोखर गळत होते: त्याची कड काचेवर तपासली तेव्हा मधल्या नटच्या दोन्ही अंगांना शाई तशीच राहिली, म्हणजे झाकण आवळून आवळून वाकले होते. टायमिंग कव्हर मात्र एका स्क्रूखेरीज सगळीकडे कोरडे निघाले. तो खालचा स्क्रू नुसताच फिरत होता, त्याला हेलिकॉइल बसवून घेतले. मागच्या चाकावर ऑइलचा ठिपकाही नाही.

रॉकरच्या बँजो बोल्टमधून शेवईच्या तुकड्यासारखा, नखाएवढ्या लांबीचा सिलिकॉनचा धागा निघाला. भोक पूर्ण बुजलेले नव्हते, हे नशीब. नळी परत जोडताना वरचा बोल्ट थोडा सैल ठेवून इंजिन चालू केले आणि तिथून ऑइल पाझरताना पाहिल्यावरच आवळला. तांब्याचे वॉशर नवे घातले.

पंपाची चकती मी स्वतः घासली, एका रविवारची पूर्ण दुपार गेली. आता आठ दिवसांनी क्रँकमधून दीडशे मिलीच्या आत निघते. टायमिंग कव्हर उघडलेच होते म्हणून कॉर्कच्या जागी रबराचे सील आणि नवा फिल्टर घातला, आणि ब्रीदरला पीसीव्ही वाल्व्ह व डबा जोडला. सुधारणा एवढ्याच. स्क्रू जुन्याच प्रकारचे, नवे, पुण्याच्या नाना पेठेतून आणले. कूलर, किट आणि बिगएंड यांचा विषय बंद केला आहे. इग्निशनचा विचार दिवाळीनंतर करीन; काटा मध्यावर आणून किक मारण्याची सवय मोडवत नाही, हे खरे कारण.

चेनकेसखाली मात्र रात्रीत एक थेंब अजून पडतो. पातळी वाढत नाही, किंचित कमी होते. रिंग नवी आहे आणि नट मी बेताने आवळला आहे. आता काय पाहावे?

मांडवीकाठ

कव्हर काढून रिंग न घालता नुसतेच आतल्या भागावर टेकवा आणि मागे टॉर्च धरा. प्रकाश जिथून दिसेल तिथे कड वाकलेली आहे. बहुधा पायदानाच्या जवळ, कारण पूर्वी कुणीतरी नट ताकदीने आवळलेला असणार. तो भाग लाकडी ठोकळ्यावर ठेवून, लाकडाच्याच हातोडीने, थोडा थोडा सरळ करत पुन्हा प्रकाश बघा. घाईत एक ठोका जास्त पडला तर कव्हर तडकते, म्हणून हे काम गाडी न्यायची नसेल त्या दिवशी घ्या. नटखालचे वॉशरही बदला. पुष्कळदा थेंब कडेतून नव्हे, त्या नटच्या बुंध्यातून येतो आणि कव्हरच्या पोटावरून ओघळून खाली टपकतो.